मोदक फॉन्ट: गुबगुबीत अक्षराच्या मुखऱ्या सांभाळताना

तीन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाचा फ्लेक्स मी केला होता. वर मोठ्ठं ‘बालमेळावा’, खाली वेळ, वार, सभागृह. स्क्रीनवर झकास दिसत होता. संध्याकाळी गेटवर टांगला आणि दुसरीतल्या एका मुलीने विचारलं, “काका, हे बटाटे कशाला काढलेत?”

चूक सर्वस्वी माझीच. फाइल पाठवण्याआधी शेवटच्या पाच मिनिटांत ‘अजून उठून दिसू दे’ म्हणून मी बोल्डचं बटण दाबलं होतं आणि वर काळी बॉर्डर मारली होती. फॉन्ट होता मोदक. ज्या फॉन्टची अक्षरं आधीच फुगून टम्म झाली आहेत, त्याला आणखी फुगवलं तर बटाटेच होणार.

तेव्हापासून हा फॉन्ट मी बऱ्याच कामांत वापरला: वाढदिवसाच्या पत्रिका, खाऊच्या बरण्यांवरची लेबलं, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे बॅनर. प्रत्येक वेळी गाडी एकाच गोष्टीवर येते. मोदकचं अक्षर काळ्या शाईने वाचलं जात नाही, ते त्यातल्या पांढऱ्या फटींनी वाचलं जातं. उकडीच्या मोदकाला मुखऱ्या, म्हणजे कडेच्या चुण्या, पडल्या नाहीत तर तो पिठाचा गोळा दिसतो, तसंच हे. पुढे जे सगळं सांगतोय ते त्या फटी सांभाळण्याविषयीच आहे.

फॉन्टची ओळख

मोदक हा मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा फॉन्ट. त्याची देवनागरी अक्षरं सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी रेखाटली. देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्या त्यात आहेत. अक्षरं आधी हाताने काढून मग संगणकावर घडवलेली आहेत, आणि ते वळणांत जाणवतं. कुठेही कोपरा टोचत नाही, सगळं दाबलं तर दबेल असं मऊ.

नेहमीच्या फॉन्टमध्ये ‘व’च्या पोटात मोकळी पोकळी असते. मोदकमध्ये ती पोकळी मिटत मिटत नुसती रेघ झाली आहे. काना आणि अक्षर, वेलांटी आणि अक्षर, जोडाक्षराचे दोन भाग एकमेकांना बिलगून बसतात आणि मध्ये सुरीने चीर दिल्यासारखी एक फट राहते. करायला हे सोपं काम नाही. रोमनमध्ये मोठी आणि छोटी मिळून बावन्न अक्षरं फुगवली की बरंचसं भागतं. देवनागरीत शेकडो जोडाक्षरं, वर मात्रा-रफार, खाली उकार, आणि प्रत्येक ठिकाणी ती फट राखायची.

फॉन्टला जाडी एकच आहे, रेग्युलर. बोल्ड नाही, लाइट नाही, इटॅलिक नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

उतरवणं, टाइप करणं आणि पहिली परीक्षा

गूगल फॉन्ट्सवर ‘मोदक’चं रोमन स्पेलिंग टाकून शोधा, डाउनलोड करा, झिप उघडा, आतल्या टीटीएफ फाइलवर डबल क्लिक करून इन्स्टॉल करा. परवाना ओपन फॉन्ट लायसन्स आहे. पैसे घेऊन केलेल्या कामात, दुकानाच्या पाटीवर, पॅकिंगवर बिनधास्त वापरता येतो आणि पोस्टरवर कुणाचं नाव छापावं लागत नाही. नुसता फॉन्ट सुटा विकायला मात्र मनाई आहे.

फॉन्ट युनिकोड आहे, म्हणजे मोबाइल आणि इंटरनेटवर सगळीकडे चालणाऱ्या आजच्या पद्धतीचा. त्यामुळे श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टाइप केलेला मजकूर आणून त्याला मोदक लावलात तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा येईल. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. शीर्षक दोन शब्दांचं असेल तर सरळ पुन्हा टाइप करा, वेळ वाचतो.

कामाला लागण्याआधी मी एक ओळ टाइप करून बघतो: मुखऱ्या, ॲप, ऑफिस, हृदय, द्वाड, ज्ञान, क्षण, शाळा, लाडू. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ही ओळ नीट दिसली की पुढे निर्धास्त जाता येतं. ‘मुखऱ्या’मधला तो अर्धा र बघायचा. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे, मग डी, मग य, असा तो येतो. साधा र टाइप केलात तर ‘मुखर्या’ होऊन रफार डोक्यावर चढेल, आणि ती चूक फॉन्टची नसून आपली.

वेलांटी भलत्याच बाजूला गेली किंवा जोडाक्षर सुटून पाय मोडलेलं दिसलं, तर दोष सॉफ्टवेअरच्या सेटिंगचा. फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफच्या मेनूतून ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कम्पोझर’ घ्या. इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांचे पर्याय चालू करावे लागतात. इंकस्केप काही न सांगता नीट दाखवतं. कोरल ड्रॉच्या फार जुन्या आवृत्त्यांशी भांडू नका. शीर्षक दुसरीकडे करून, कर्व्ह करून (म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करून) मग कोरलमध्ये आणा.

कुठला शब्द शोभेल

मोदक हा शब्दांचा फॉन्ट आहे, वाक्यांचा नाही. एक ते तीन शब्द. चौथा शब्द आला की वाचणारा अडखळतो आणि पाचव्याला सोडून देतो.

त्यातही शब्द निवडून घ्यावा लागतो. ‘लाडू’, ‘खाऊ’, ‘गंमत’, ‘मोदक’, ‘भोपळा’ हे शब्द जात्याच गोलमटोल. पण ‘उत्कृष्ट’, ‘व्यक्तिमत्त्व’, ‘राष्ट्रीय’ हे शब्द मोदकमध्ये घातले की एकेका अक्षरात तीन-चार फटींची गर्दी होते आणि अंतरावरून सगळं एकजीव दिसतं. आयोजकांना ‘व्यक्तिमत्त्व विकास शिबिर’च हवं असेल तर मी ‘शिबिर’ मोठं मोदकमध्ये घेतो आणि उरलेलं दुसऱ्या फॉन्टमध्ये वर छोटं ठेवतो.

अक्षरांच्या काही जोड्या खास धोक्याच्या. ब आणि व यांच्यात फरक काय, तर पोटातली एक तिरकी रेघ. मोदकमध्ये पोटच उरलेलं नाही, त्यामुळे ती रेघ दोन बारीक फटींच्या भरवशावर असते. फट बुजली की ‘बाळ’चा ‘वाळ’. प-ष तसंच. घ-ध आणि भ-म यांच्यात डोक्यावरची शिरोरेषा तुटते की नाही हाच मुख्य फरक. ओळखीचा शब्द असेल तर डोळा चूक भरून काढतो, ‘बटाटावडा’ कुणीही वाचेल. पण आडनावाला तो आधार नसतो. ‘घाटे’ छापून आलेल्या पाटीवर लोकांनी ‘धाटे’ वाचलं तर घरमालक तुमच्याकडेच येणार. घराच्या पाट्यांसाठी म्हणून मी हा फॉन्ट सहसा टाळतो.

प्रसंगाचं भानही हवं. बारसं, मुंज, बालनाट्य, आइस्क्रीम, फराळाची ऑर्डर, पाळणाघर इथे मोदक घरचा. श्रद्धांजली, रक्ततपासणी, पतसंस्थेची वार्षिक सभा इथे नको. हे सांगायची गरज पडू नये, पण मी एका निधनवार्तेच्या बॅनरवर असलंच फुगीर अक्षर पाहिलं आहे.

आकार: पट्टी घ्या आणि फट मोजा

‘किती पॉइंट ठेवू?’ हा प्रश्न इथे निरुपयोगी आहे. अक्षराची उंची मोजू नका, सगळ्यात बारीक फट मोजा.

शब्द टाइप करून ए-फोर कागदावर आडवा, जमेल तितका मोठा छापा. समजा छापलेला शब्द २० सेंटिमीटर रुंद आला आणि त्यातली सगळ्यात बारीक फट पट्टीवर साधारण ०.६ मिलिमीटर भरली. आता त्रैराशिक मांडा. फ्लेक्सवर तोच शब्द २०० सेंटिमीटर रुंद असेल तर फट ६ मिलिमीटर. निमंत्रणपत्रिकेवर १० सेंटिमीटर असेल तर ०.३. व्हिजिटिंग कार्डावर ४ सेंटिमीटर असेल तर ०.१२ मिलिमीटर, म्हणजे छापखान्यात ती बुजली म्हणून समजा.

माझी मोजपट्टी अशी आहे. चांगल्या कागदावर ऑफसेट किंवा डिजिटल छपाई असेल तर फट ०.३ मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाही. साध्या, शाई शोषणाऱ्या कागदावर अर्धा मिलिमीटर. टी-शर्टवर स्क्रीन प्रिंटिंग असेल तर किमान एक मिलिमीटर, कारण कापडात शाई पसरते.

फ्लेक्सला छपाईपेक्षा अंतराचा हिशेब महत्त्वाचा. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा दिसतो. १० मीटरवर हा तपशील जवळजवळ ३ मिलिमीटर होतो. म्हणजे वरच्या हिशेबातली ६ मिलिमीटरची फट १० मीटरवरून आरामात दिसेल, २० मीटरवर ती दृष्टीच्या काठावर येईल, आणि चष्मा घरी विसरलेल्या आजोबांना त्याच्या बऱ्याच आधी. रस्त्यापलीकडून वाचायचा फ्लेक्स असेल तर शब्द लहान करून चित्र मोठं करण्याचा मोह टाळा. शब्दच चित्र होऊ द्या, त्यासाठीच तर हा फॉन्ट घेतला.

फट पुरत नसेल तर दोन मार्ग: शब्द मोठा करा किंवा फॉन्ट बदला. बालू हा एक टाइपचाच दुसरा फॉन्ट आहे, खेळकर पण पोटात हवा असलेला, आणि बालू २ मध्ये रेग्युलरपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत पाच जाड्या मिळतात. लहान आकाराला तो जास्त सोसतो. (त्याच्या वेगवेगळ्या लिप्यांच्या फॉन्टची नावं मजेशीर आहेत. गुजरातीसाठी बालू भाई, बंगालीसाठी बालू दा, तमिळसाठी बालू तंबी, गुरुमुखीसाठी बालू पाजी. सगळे त्या त्या भाषेतले भाऊ.)

बोल्ड, बॉर्डर, सावली

माझे बटाटे इथेच झाले, म्हणून इथे जरा थांबतो.

फॉन्टला एकच जाडी आहे हे वर सांगितलं. तरीही वर्डमध्ये किंवा कोरलमध्ये बोल्ड दाबलं की अक्षर जाड होतं, कारण सॉफ्टवेअर स्वतःच बाहेरून लेप चढवतं. हा नकली बोल्ड फटीच्या दोन्ही काठांवरून आत सरकतो आणि फट मिटते. वेबसाइटवर तर हे तुम्ही काही न करता होतं. ब्राउझर मथळ्यांना आपणहून बोल्ड धरतो, फॉन्टमध्ये बोल्ड सापडत नाही, मग तो खोटा बनवतो. सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, मथळ्याचा फॉन्ट-वेट ४०० ठेवला की प्रश्न मिटतो. ‘मोदक वेबवर खराब दिसतो’ अशी तक्रार ज्यांनी माझ्याकडे केली, त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं हेच निघालं.

बॉर्डरचं तसंच. रेघ बाहेरच्या बाजूला लावली तरी ती फटीत शिरते, कारण सॉफ्टवेअरच्या लेखी फट म्हणजे अक्षराच्या बाहेरचीच जागा. बाहेरून तीन पॉइंट रेघ म्हणजे फटीतही दोन्हीकडून तीन-तीन पॉइंट.

तरीही अक्षर पार्श्वभूमीवरून उचलून धरायचं असतं, त्यासाठी मी असं करतो:

१. शब्द कर्व्हमध्ये बदला. कोरलमध्ये कंट्रोल क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल शिफ्ट ओ, इंकस्केपमध्ये शिफ्ट कंट्रोल सी. आधी टाइप केलेली मूळ फाइल वेगळी ठेवा, नंतर शुद्धलेखनाची चूक सापडतेच.

२. त्याची प्रत करून मूळ शब्दाच्या मागे ठेवा. प्रतीतले सगळे भाग वेल्ड करून एक करा आणि आतल्या फटींचे आकार खोडून टाका. आता मागे शब्दाची भरीव आकृती उरली.

३. त्या आकृतीला चारी बाजूंनी फुगवा. कोरलमध्ये कॉन्टूर, इलस्ट्रेटरमध्ये ऑफसेट पाथ, इंकस्केपमध्ये आउटसेट.

४. मागच्या आकृतीला फिका रंग द्या, पुढच्या अक्षराला गडद.

बॉर्डर दिसते स्टिकरसारखी, आणि फटींमधून मागचा फिका रंग डोकावतो. फटी बुजण्याऐवजी उजळून निघतात. मागे फोटो असला तरी चालतो, कारण फोटोचे तुकडे फटींत घुसत नाहीत.

सावली हवी असेल तर ती या मागच्या आकृतीला द्या, अक्षराला नाही. अक्षराला दिलेली सावली सरकून नेमकी शेजारच्या फटीत पडते.

रंग आणि शाईचा स्वभाव

शाई कागदावर पसरते. गडद अक्षर पांढऱ्या कागदावर छापलं की शाई फटीत शिरून ती अरुंद करते. उलट केलं, म्हणजे गडद जमिनीवर अक्षर पांढरं सोडलं, तर फट शाईची असते आणि पसरून ती रुंद होते, अक्षर किंचित बारीक होतं. लहान आकारात मोदक वापरायचाच असेल तर ही युक्ती करा. लाडवांच्या बरणीवरच्या इवल्या लेबलावर मी मेंदी रंगाची जमीन घेऊन अक्षर पांढरं ठेवलं, आणि जे लेबल आधी गोळा झालं होतं ते वाचता आलं.

दिव्यांच्या ग्लोसाइन बोर्डला मात्र हिशेब फिरतो. तिथे प्रकाश पसरतो. उजळ अक्षरांचा उजेड गडद फटींवर सांडतो आणि फट दिसेनाशी होते. तिथे उजळ जमिनीवर गडद अक्षर ठेवा.

अक्षरात उभा ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात विरत जाणारी छटा, भरणं मी सोडून दिलं आहे. फट एकाच रंगाची असते. ग्रेडियंटचा एखादा टप्पा तिच्या रंगाजवळ आला की तेवढ्या पट्ट्यात ती हरवते.

अंतर, ओळी आणि हाताची सफाई

दोन अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. देवनागरीत ट्रॅकिंग ताणलं की शिरोरेषा तुटते, आणि मोदकचा सगळा जीव एकमेकांना बिलगण्यात आहे. कमी तर अजिबातच करू नका.

दोन ओळींचं शीर्षक असेल तर ओळींमधलं अंतर सॉफ्टवेअरवर न सोडता डोळ्याने लावा. वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतल्या मात्रा कुठे येतात ते बघून खालची ओळ थोडी डावी-उजवी सरकवा. ‘लाडूचा’ खाली ‘डबा’ असं लिहिताना डूचं शेपूट खालच्या ओळीच्या मोकळ्या जागेत बसवलं की दोन्ही शब्दांची एक छान गाठोडी होते. हा माझ्या आवडीचा भाग आहे, यात अर्धा तास कुठे जातो कळत नाही.

फॉन्ट यायच्या आधी अशी अक्षरं प्रत्येक कामासाठी हाताने काढली जायची. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची जी शीर्षकं रंगवली, त्यांत अक्षराचं वळण त्या शब्दासाठीच जन्माला यायचं. फॉन्टला हे जमत नाही. त्याचा ‘ळ’ सगळीकडे तोच. म्हणून कर्व्ह केल्यावर थोडी हाताची सफाई करावी: शब्दात एकच अक्षर दोनदा आलं तर एकाला दोन-तीन अंश कलतं करा, अनुस्वाराचा ठिपका जरा वर उचला. फटीच्या कडा मात्र ओढू नका. एका ठिकाणी फट रुंद झाली की बाकीच्या चुकल्यासारख्या दिसतात.

सोबतीला कोण

मोदकच्या खाली पत्ता, वेळ, फोन नंबर मोदकमध्ये नकोत. बालूही नको, दोघे गुबगुबीत शेजारी बसले की कोण मोठा ते कळत नाही. साधा, सडसडीत फॉन्ट घ्या. मुक्ता हाही एक टाइपचाच फॉन्ट, सात जाड्यांत मिळतो. त्याची रेग्युलर किंवा मीडियम जाडी मोदकशेजारी शांत बसते.

दुकानाच्या पाटीवर मराठी आणि इंग्रजी नावं दोन्ही असतील तर एक गोष्ट तपासा. महाराष्ट्रातल्या दुकाने-आस्थापनांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार मराठी अक्षरांचा आकार दुसऱ्या लिपीपेक्षा लहान असून चालत नाही. दोन्हींना पॉइंट साइज सारखाच दिला म्हणजे दोन्ही अक्षरं सारखी मोठी दिसतील असं नाही. पाटीवर प्रत्यक्ष उंची पट्टीने मोजा.

जिथे मोदक चालत नाही

रेडियम कटिंगवाल्याला विचारून बघा, तो कपाळाला हात लावेल. बारीक फटीतलं रेडियम टोकाने उचलून काढताना शेजारचं अक्षर सुटून येतं. मोटारसायकलच्या टाकीवर ‘बाप्पा’ हवंच असेल तर कापण्याऐवजी छापील स्टिकर करा. भरतकामात धागा फटीवरून जातो. रबरी शिक्क्यात चार दिवसांत शाई साचते. आणि रांगोळीचा छाप कापायचा विचार असेल तर लक्षात घ्या, तिथे अक्षर म्हणजे भोक असतं. फटीची रेघ पत्र्याला कुठेतरी चिकटलेली नसेल तर ती निखळून पडेल, चिकटलेली असेल तर पहिल्या वापरात वाकेल.

फाइल देताना

सगळं कर्व्ह केलेली पीडीएफ द्या. मजकूर टाइप केलेल्या स्थितीत गेला आणि छापखान्याच्या संगणकावर मोदक नसला तर तिथला कुठलाही फॉन्ट येऊन बसतो. सोबत एक जेपीजी पाठवा, ‘असंच दिसायला हवं’ असं सांगून. मोठ्या फ्लेक्सला प्रत्यक्ष आकारात ७२ ते १०० डीपीआय (इंचाला तेवढे ठिपके) पुरतं, पण अक्षरं व्हेक्टरच, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांच्या आकृत्यांतच, ठेवा.

पाठवण्याआधी शेवटची परीक्षा: जेपीजी फोनवर उघडा, फोन टेबलावर उभा करा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा आणि डोळे बारीक करून वाचा. मग ज्याला मजकूर माहीत नाही अशा कुणाला तरी वाचायला लावा. घरातली माणसं उपयोगाची नाहीत, त्यांना तो शब्द आठवडाभर ऐकून पाठ झालेला असतो.

फाइलच्या नावातच मी आता लिहितो: ‘बालमेळावा – कर्व्ह केलेलं – बॉर्डर, बोल्ड, सावली जोडू नये’. तरी दर वर्षी छपाईच्या दुकानातून फोन येतो, “सर, बॉर्डर मारू का? उठून दिसेल.”

नको म्हणायचं.